सतरा नंबरचं पोर

अंगणवाडीचा आढा वाळवीनं खाल्लाय,
म्हणून काटा मी मोहाच्या फांदीला टांगते.
पोर झोळीत बसलं की वरून फुलं पडतात.
ती काढून टाकावी लागतात,
फुलांचं वजन धरायचं नसतं.

त्या दिवशी चिन्नक्का पाण्याला गेली
ती घागर न भरताच परत आली.
"बाई, पल्याडून आले हायेत. डोंग्यात नाही, चालत."
इंद्रावती तेव्हा एवढी आटली होती
की तिकडचं युद्धही पाय न भिजवता इकडं आलं असतं.
आम्ही त्याला युद्ध म्हणत नाही.
आम्ही म्हणतो, तिकडं आवाज होतात.

एक बाई, तिची सासू,
टोपलीखाली झाकलेली कोंबडी
आणि पोर.
बाईचं नाव जुरे, पोराचं कोसा.
गाव विचारलं तर ती माडियात काहीतरी म्हणाली
आणि हाताचा तळवा पुढं केला,
सपाट.

दंडाला पट्टी लावली. लाल.
लालच्याही आत, जिथं आकडे वाचायची
मला सवय नाही.
झोळीत तो रडला नाही. रडायलाही पोटात काही लागतं.
सहा किलो शंभर.
मांडीवर एक फूल पडलं,
मी काढायच्या आत त्यानं ते खाल्लं.

रजिस्टरला रकाने असतात:
आधार, रेशनकार्ड, कायमचा पत्ता.
मोबाईल तर पत्त्यावाचून पुढं सरकतच नाही.
सतरा नंबरला होता लिंगू मट्टामी,
आईबापासंगं तेलंगणात मिरची तोडायला गेलेला.
दहा किलो दोनशे.
त्याच्या नावचा खाऊ इथं येतच होता.
मी दोन पोरांना एका ओळीत बसवलं.

कागदावर लिंगू महिन्यात चार किलो वाळला.
तालुक्याहून फोन, "काय केलंत त्या पोराचं?"
म्हणाले, हगवण.
सहज निघालं तोंडातून.
रात्री झोप लागेना.
तिकडं लिंगूला खरंच हगवण लागली तर?

अंडं. कोसरीचा जावा. वर तेलाची धार.
पहिले चार दिवस कोसा ओकला.
पाचव्या दिवशी चिन्नक्काच्या मांडीवरून
वाटीकडं सरकला, आणि वाटी सोडेना.
तीच चिन्नक्का, जी म्हणाली होती,
"आपल्याच पोट्ट्यायले पुरत नाही, बाई."
तिनं वाटी त्याच्या हातात तशीच राहू दिली,
दुपारची भांडी त्या एका वाटीवाचून घासली.

सहा किलो चारशे.

मग एका रात्री आवाज अल्याड झाले.
सकाळी गोटुलाच्या मागं तीन दगड, कोमट राख.
कोंबडी चिन्नक्काच्या दाराशी,
पायाला वाखाची दोरी, दोरीला नीट गाठ.
कुठं गेले ते कुणी विचारलं नाही.
इथं विचारणाऱ्यालाही कुणीतरी विचारतं.

महिनाअखेर लिंगू आला,
मिरचीनं डोळे सुजलेले, बाकी धट्टाकट्टा.
दहा किलो सहाशे.
मोबाईलमधली रेघ अशी उभी चढली
की बैठकीत ती भिंतीवर मोठी करून दाखवली.
टाळ्या, गुलाब, प्रमाणपत्र,
माझा फोटो, डोळे मिटलेला.
"बाई, सांगा सगळ्यांना, कसं केलंत?"

मी सांगितलं,
अंडं. कोसरीचा जावा. वर तेलाची धार.
पुढच्या रांगेतल्या दोघींनी वहीत लिहून घेतलं.
चार किलोतलं तीनशे ग्रॅम खरं होतं,
आणि ते कुठल्या जंगलात, कुणाच्या कडेवर आहे,
असलं तर,
हे विचारायला त्या सभागृहात रकाना नव्हता.

मोहाला आता टोळ लागलेत.
झोळीत लिंगू पाय झाडतो, फांदी हलते.
कोंबडी खुडूक बसलीय.
मी म्हटलं, दोन अंडी तरी पोरांना उकडू.
चिन्नक्का मडक्यापुढं आडवी झाली.
"त्यायची हाये ते," म्हणाली. "उबवू दे."